जर्मन येतं, आता गेर्मानिस्टिक: प्रवेशापासून पदवीपर्यंतची वाट

जर्मनीतल्या विद्यापीठात जर्मन भाषा-साहित्याला प्रवेश घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळून चुकते: इथे जर्मन कुणी शिकवणार नाही. ती येते असं धरूनच सगळं चालतं. या विषयाला तिथे गेर्मानिस्टिक म्हणतात आणि वर्गातल्या बहुतेकांची ती मातृभाषाच असते. मराठीत एम. ए. करणाऱ्याला कुणी विभक्तीचे प्रत्यय घोकायला लावत नाही, तसंच हे. म्हणून तयारीचं वर्ष आणखी एका व्याकरणाच्या पुस्तकात घालवण्यापेक्षा दोन सवयी आधी लावून घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे: सावकाश वाचायची आणि जर्मनमधून सलग, मुद्देसूद लिहायची. बाकी गोष्टी तिथे गेल्यावरही जमतात.

पायरी १: कोणता अभ्यासक्रम, ते आधी नक्की करा

गेर्मानिस्टिकचे साधारण तीन भाग असतात: भाषाविज्ञान, मध्ययुगीन भाषा आणि साहित्य, आणि अर्वाचीन साहित्य. बी.ए.ला बहुतेक ठिकाणी तिन्ही करावे लागतात. 'मला फक्त आधुनिक कादंबऱ्या वाचायच्यात' म्हणून मध्ययुग टाळता येत नाही. एम.ए.ला मात्र एकाच भागात खोल शिरता येतं.

तुम्हाला पुढे जर्मन शिकवायचंच असेल तर गेर्मानिस्टिकऐवजी 'डाफ', म्हणजे परदेशी भाषा म्हणून जर्मन, हा अभ्यासक्रम बघा. त्यात अध्यापनपद्धती, भाषा कशी आत्मसात होते, पाठ्यपुस्तकं कशी तपासायची असे विषय असतात. लायप्त्सिशचं हेर्डर इन्स्टिट्यूट या क्षेत्रातलं जुनं आणि नावाजलेलं ठिकाण आहे. बायरॉइटला आंतरसांस्कृतिक गेर्मानिस्टिक शिकवतात, म्हणजे जर्मन साहित्य-संस्कृतीकडे बाहेरच्या नजरेने बघणं हाच तिथे अभ्यासाचा गाभा असतो. परदेशी विद्यार्थ्याला तिथे आपलं परकेपण अडचण न वाटता भांडवल वाटू शकतं. दोन-तीन भाषांतलं साहित्य शेजारी ठेवून वाचायचं असेल तर तौलनिक साहित्य. बर्लिनच्या फ्राय विद्यापीठातली पेटर सोंडी इन्स्टिट्यूट त्यासाठी ओळखली जाते. 'लेरआम्ट' असं लिहिलेला अभ्यासक्रम जर्मन शाळांतले शिक्षक घडवण्यासाठी असतो. तुमचा तसा बेत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं गुळगुळीत माहितीपत्रक वाचून काही ठरवू नका. 'मोडूलहांडबुख' नावाची पीडीएफ शोधा. कोणत्या सत्रात कोणता विषय, किती क्रेडिट, परीक्षा लेखी की प्रबंधिका, सगळं त्यात असतं. तीन वर्षांच्या बी.ए.ला १८० ईसीटीएस (युरोपीय विद्यापीठांच्या सामाईक पद्धतीतले) क्रेडिट लागतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. हा हिशेब एकदा स्वतः मांडून बघा, म्हणजे आठवड्याला फक्त बारा-चौदा तासच वर्ग का असतात ते कळेल. उरलेलं काम टेबलाशी बसून तुमचं तुम्ही करायचं असतं.

पुष्कळ विद्यापीठांत गेर्मानिस्टिक एकट्याने घेता येत नाही, दुसरा विषय जोडावा लागतो. इतिहास, तत्त्वज्ञान, कलेतिहास, नाट्यशास्त्र यांपैकी काहीही चांगलं जुळतं. काही ठिकाणी लॅटिनचीही अट असते. ती परीक्षेच्या नियमावलीत एखाद्या कोपऱ्यात असते, म्हणून आधीच बघून ठेवा.

पायरी २: पात्रता आणि भाषेचा दाखला

तुमचं बारावीचं प्रमाणपत्र जर्मनीत थेट प्रवेशाला पुरतं का, ते 'आनाबिन' या सरकारी माहितीसाठ्यात बघता येतं. पुरत नसेल तर बी.ए.च्या आधी 'श्टुडिएनकोलेग' करावं लागतं. ते साधारण वर्षभराचं असतं आणि शेवटी परीक्षा असते. इथे अर्ज भरताना हमखास गोंधळ होतो. भाषाविषयांसाठी 'एस' गट आहे, पण गेर्मानिस्टिक त्यात येत नाही; ते इतर मानव्यविद्यांबरोबर 'जी' गटात येतं. पदवी आधीच हातात असेल आणि एम.ए.ला जायचं असेल तर श्टुडिएनकोलेगचा प्रश्न येत नाही, पण पदवीच्या विषयाचा गेर्मानिस्टिकशी कितपत संबंध आहे, हे विभाग बारकाईने बघतो. भारतातून अर्ज करणाऱ्यांना शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्रही लागतं. ते हाती यायला वेळ लागतो, म्हणून कामाला लागायचं ते तिथूनच.

भाषेसाठी टेस्टडाफ किंवा विद्यापीठाची स्वतःची डीएसएच परीक्षा चालते. टेस्टडाफमध्ये वाचन, श्रवण, लेखन, संभाषण या चारही भागांत किमान ४ हा स्तर आणि डीएसएचमध्ये २ हा स्तर ही नेहमीची अट. गेर्मानिस्टिकसाठी मात्र काही विभाग एक पायरी वर मागतात, म्हणजे डीएसएच ३ किंवा गोएथे इन्स्टिट्यूटचं सी२ प्रमाणपत्र. हा आकडा विभागाच्या पानावर बघा. विद्यापीठाच्या सर्वसाधारण पानावर तो बऱ्याचदा नसतो.

पायरी ३: अर्ज, तारखा, पैसे

हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्यापासून. बी.ए.च्या अर्जाची नेहमीची शेवटची तारीख १५ जुलै, एम.ए.च्या तारखा विभागागणिक बदलतात आणि बऱ्याचदा आधीच्या असतात. अनेक विद्यापीठं परदेशी अर्ज 'उनी-असिस्ट' या संस्थेमार्फत घेतात. तिथे एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात. शेवटच्या आठवड्यात अर्ज टाकला आणि एखादा कागद कमी निघाला, तर तो पुरवायला वेळच उरत नाही. निदान महिनाभर आधी पाठवा.

सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही, फक्त सत्रवर्गणी भरायची. अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे तो बाडेन-व्युर्टेंबर्गचा. तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. हायडेलबर्ग, ट्युबिंगन, फ्रायबुर्ग ही गेर्मानिस्टिकची जुनी, मानाची विद्यापीठं नेमकी याच राज्यातली, म्हणून हा आकडा आपल्या यादीवर थेट परिणाम करतो. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम बंद खात्यात, म्हणजे ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ आहे. अर्ज करताना चालू आकडा दूतावासाच्या पानावर तपासा, तो वाढत राहतो. शिकताना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. विद्यापीठातच ग्रंथालयात किंवा एखाद्या प्राध्यापकांकडे सहायक म्हणून काम मिळालं तर उत्तम: पैसेही मिळतात आणि विभाग आतून कळतो.

पायरी ४: निघण्याआधी काय वाचावं

मोठी यादी करून सगळं अर्धवट वाचू नका. पाच-सहा छोटी पुस्तकं घ्या आणि प्रत्येक दोनदा वाचा. एक नाटक, एक 'नोवेल', म्हणजे दीर्घकथा, थोड्या कविता, थोड्या कथा. रेक्लामच्या पिवळ्या खिशातल्या आवृत्त्या स्वस्त असतात आणि वर्गात अर्ध्या लोकांच्या हातात त्याच दिसतात. ही मालिका १८६७ साली सुरू झाली. त्या वर्षी १८३७ पूर्वी वारलेल्या लेखकांच्या ग्रंथांवरचा हक्क संपला आणि गोएथे, शिलर कुणालाही छापता येऊ लागले. मालिकेचा पहिला क्रमांक होता 'फाउस्ट'चा पहिला भाग.

वाचताना रोज एक परिच्छेद निवडून त्याबद्दल जर्मनमधून दहा-बारा ओळी लिहा. कथानक सांगायचं नाही. निवेदक कोण आहे, त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, वाक्यं लांब आहेत की तुटक, काळ कुठे बदलतो, एवढंच लिहायचं. तीन महिने हे नेटाने केलं तर पहिल्या सेमिनारात तोंड उघडायला फारसं जड जात नाही. जुन्या फ्राक्टुर लिपीतली पानं वाचायचा सरावही याच काळात करा. १९४१ पर्यंतची कितीतरी पुस्तकं त्याच लिपीत आहेत आणि तिच्यातला लांब 'एस' आणि 'एफ' यांच्यात सुरुवातीला हटकून गल्लत होते.

पायरी ५: पहिलं सत्र आणि भाषाविज्ञान

वेळापत्रकात १० च्या पुढे 'सी. टी.' असेल तर वर्ग सव्वादहाला सुरू होतो, 'एस. टी.' असेल तर ठोक्याला दहाला. तास संपला की टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांची पेरं ठोकतात. हे सगळं दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

भाषाविज्ञानाच्या प्रवेशवर्गाला साहित्यप्रेमी मंडळी नाकं मुरडतात, पण माझ्या मते परदेशी विद्यार्थ्याला पहिले चांगले गुण मिळायची जागा तीच. जर्मन मुलांना त्यांची भाषा येते, पण ती कशी चालते हे त्यांनाही नव्यानेच शिकायचं असतं. आपण ती नियमांनीच शिकलेलो असतो. वाक्याच्या 'क्षेत्रां'चा सिद्धान्त घ्या. 'इश हाबे गेस्टर्न आइनेन ब्रीफ गेलेझेन', म्हणजे मी काल एक पत्र वाचलं. यात 'हाबे' आणि 'गेलेझेन' हे क्रियापदाचे दोन तुकडे कंसासारखे उभे असतात. डाव्या कंसाआधीची जागा फोरफेल्ड, मधली मिटेलफेल्ड, उजव्या कंसानंतरची नाखफेल्ड. आता 'गेस्टर्न' उचलून सुरुवातीला ठेवा: 'गेस्टर्न हाबे इश आइनेन ब्रीफ गेलेझेन'. 'इश' मागे सरकलं, 'हाबे' जागचं हललं नाही. पण हेच वाक्य 'वाइल'ने, म्हणजे 'कारण'ने जोडलं की क्रियापद सगळं शेवटी जातं: 'वाइल इश गेस्टर्न आइनेन ब्रीफ गेलेझेन हाबे'. मुख्य क्रियापद आणि मग सहायक, अगदी 'वाचलं आहे' या क्रमाने. इंग्रजीतून जर्मनकडे आलेल्याला जो क्रम डोक्यावर उभा राहिल्यासारखा वाटतो, तो मराठी माणसाच्या तोंडात आधीच बसलेला असतो. त्याचा फायदा घ्या. वाक्यविश्लेषणाच्या सरावपत्रिका सोडवताना मनात मराठी वाक्य ठेवायला कसलीही हरकत नाही.

पायरी ६: मध्ययुगाला घाबरू नका

मिटेलहोखडॉइच, म्हणजे साधारण १०५० ते १३५० या काळातली जर्मन, हा अनिवार्य विषय पाहून अनेकांच्या पोटात गोळा येतो. वर्गात सहसा हार्टमान फॉन आउएचं 'इवाइन', १२०० च्या सुमाराचं 'निबेलुंगनलीड' किंवा वाल्टर फॉन डेर फोगेलवायडेच्या कविता असतात. परीक्षेत काही ओळींचा आजच्या जर्मनमध्ये अनुवाद करायचा आणि व्याकरणाचे प्रश्न सोडवायचे.

पाठांतराआधी स्वरबदल समजून घ्या. जर्मन विद्यार्थी त्यासाठी एक छोटं सूत्र वापरतात: 'मीन न्यूवेस हूस' चं आज 'माइन नॉयेस हाउस' झालं. दीर्घ ई चा आय, दीर्घ ऊ चा आउ, आणि दीर्घ यू चा ऑय. उलट बाजूने 'लिएबे गुओटे ब्र्युएडर' मधले जोडस्वर एकेकटे होऊन 'लीबे गूटे ब्र्यूडर' झालं. ही सहा शब्दांची जोडी तोंडपाठ असली की अनोळखी वाटणारा निम्मा मजकूर आपोआप ओळखू येतो. मग मजकूर मोठ्याने वाचा. डोळ्याला परके वाटणारे कितीतरी शब्द कानाला ओळखीचे लागतात.

फसवतात ते तसेच दिसणारे, पण अर्थ बदललेले शब्द. म्हणून ओळखीच्या शब्दालाही लेक्सरचा मध्ययुगीन कोश उघडून बघायची शिस्त लावा. तो आणि ग्रिम बंधूंनी सुरू केलेला मोठा जर्मन कोश ट्रियर विद्यापीठाच्या 'वोर्टरबुखनेट्स' या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. ग्रिमांच्या कोशाचा पहिला खंड १८५४ साली निघाला आणि काम पुरं व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

पायरी ७: साहित्याचा सेमिनार आणि आवृत्तीचा प्रश्न

सेमिनारात तुमची पहिली जबाबदारी म्हणजे 'रेफेराट', वीसेक मिनिटांचं सादरीकरण. लेखकाचं चरित्र सांगत बसू नका, ते सगळ्यांनी वाचलेलं असतं. मजकुरातला एक उतारा वाटा आणि त्यावर एक प्रश्न उभा करा. बोलताना आर्टिकल चुकलं तरी कुणी मोजत नाही. पान क्रमांक चुकला तर मात्र लगेच लक्षात येतं, कारण सगळे तेच पान शोधत असतात.

आवृत्ती कोणती वापरता, याला तिथे फार किंमत आहे. नाटककार ब्यूखनर १८३७ मध्ये तेविसाव्या वर्षी वारला तेव्हा 'वॉयत्सेक' नाटक सुट्या हस्तलिखितांत पडलं होतं. प्रवेशांचा अंतिम क्रम त्याने ठरवलेलाच नव्हता. पहिल्या संपादकाने, कार्ल एमिल फ्रान्त्सोसने, ते १८७० च्या दशकात बाहेर काढलं तेव्हा अस्पष्ट अक्षरामुळे नावच 'वोत्सेक' असं वाचलं, आणि पुढे संगीतकार आल्बान बेर्गच्या ऑपेराला तेच चिकटलं. काफ्काच्या 'डेर प्रोत्सेस'मधल्या प्रकरणांचा क्रम असाच त्याच्या मित्राने, माक्स ब्रोडने लावला आणि कादंबरी लेखकाच्या मृत्यूनंतर १९२५ मध्ये छापली. तेव्हा 'नाटकाचा शेवट असा होतो' असं लिहिण्याआधी तो शेवट कुणी लावला, ते बघायचं. प्राध्यापकांनी सांगितलेलीच आवृत्ती घ्या. इंटरनेटवरची फुकट प्रत शोधाशोध करायला चांगली, उद्धृत करायला नाही.

पायरी ८: हाउसआर्बाइट

सगळ्यात जास्त विद्यार्थी अडखळतात ते इथे. हाउसआर्बाइट म्हणजे सेमिनारनंतर सुट्टीत लिहायची प्रबंधिका, सुरुवातीच्या वर्गाला दहा-पंधरा पानांची, वरच्या वर्गाला वीस-पंचवीस. श्रेणी १,० सर्वोत्तम, ४,० पास, ५,० नापास.

विषय नेहमी फार मोठा निवडला जातो. समजा काफ्काच्या 'डी फरवांडलुंग' (रूपांतर) या कथेवर लिहायचंय. 'काफ्काच्या कथेतला परात्मभाव' हा विषय घेऊन गेलात तर प्राध्यापक हसून परत पाठवतील. त्यावर कपाटं भरतील इतकं लिहून झालंय. कथा पुन्हा उघडा. पहिल्या भागात नायक ग्रेगोर झाम्झाच्या खोलीला तीन दारं आहेत. उशाकडच्या दारावर आई ठोठावते, एका बाजूच्या दारावर बाप, दुसऱ्या बाजूने बहीण हळूच विचारते. तिन्ही दारं त्याने स्वतः आतून बंद केलेली आहेत. दुसऱ्या भागात कुलपं उघडी आहेत, आत मात्र कुणी येत नाही, आणि किल्ल्या आता बाहेरच्या बाजूला लावलेल्या आहेत. झाला विषय: दारं, आणि किल्ली कुठल्या बाजूला आहे. प्रश्न असा मांडता येईल की घरातली सत्ता एकाकडून दुसऱ्याकडे जाते ती कथेत संवादांआधी खोलीच्या रचनेत दिसते का. पंधरा पानांत हे पुरं होतं, आणि प्रत्येक विधानाला मजकुरात बोट ठेवायला जागा असते.

मग क्रम असा ठेवा. पानभर आराखडा लिहा: प्रश्न, कोणते उतारे, प्रकरणांची कच्ची यादी. तो घेऊन 'श्प्रेखश्टुंडे'ला, म्हणजे प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेला जा. न विचारता लिहायला बसणं हा पराक्रम नाही, वेळेचा नाश आहे. त्यानंतर उताऱ्यांचं स्वतःचं विश्लेषण आधी लिहून काढा आणि मगच टीकाग्रंथ उघडा. उलट केलंत तर दुसऱ्यांची मतं गाळून उरलेल्या जागेत तुम्हाला सांगायला काहीच राहत नाही. संदर्भ शोधायला जर्मन भाषा-साहित्याची वार्षिक ग्रंथसूची 'बीडीएसएल' आणि विभागाचं ग्रंथालय पुरेसं आहे. पुस्तक नसेल तर 'फर्नलाइहे'तून दुसऱ्या शहरातून मागवता येतं, त्याला किरकोळ शुल्क पडतं आणि एक-दोन आठवडे लागतात.

भाषा तपासून घ्यायला विद्यापीठाचं लेखनकेंद्र असतं, ते फुकट असतं, आणि जर्मन विद्यार्थीही तिथे जातात. दुसऱ्याचा विचार घेतला तर तळटीप द्या, शब्द बदलून मांडला असला तरीही. शेवटच्या पानावर हे काम आपलंच असल्याची सही करून द्यावी लागते आणि तिथे खोटं निघालं तर निव्वळ नापास होण्यावर भागत नाही. काम परत मिळाल्यावर श्रेणी बघून फाइल बंद करू नका. शेरे समजून घ्यायला पुन्हा भेटीची वेळ घ्या. पुढच्या प्रबंधिकेची खरी तयारी त्या पंधरा मिनिटांत होते.

पायरी ९: अखेरचा प्रबंध आणि पुढे

बी.ए.चा प्रबंध साधारण तीस-चाळीस पानांचा असतो. मार्गदर्शक म्हणून ज्यांच्याकडे दोन सेमिनार केलेत अशाच प्राध्यापकांना विचारा, आणि सत्र सुरू होण्याआधी विचारा. जमलं तर मारबाखला जाऊन या. नेकारकाठचं हे छोटं गाव शिलरचं जन्मगाव, आणि जर्मन साहित्याचं मोठं अभिलेखागार तिथे आहे. 'डेर प्रोत्सेस'चं हस्तलिखित १९८८ मध्ये लिलावात घेऊन तिथेच ठेवलंय. जुन्या छापील पुस्तकांसाठी वाइमारची आना आमालिया आणि वोल्फेनब्युटेलची हेर्झोग आउगुस्ट ही ग्रंथालयं.

नोकरीचा विचार शेवटच्या सत्रावर टाकू नका. प्रकाशनगृहं, वृत्तपत्रं, संग्रहालयं यांत पदवीनंतर 'फोलोंटारिआट' नावाची प्रशिक्षण-नोकरी असते आणि ती देताना आधीची प्राक्टिकुमं, म्हणजे इंटर्नशिप, बघतात. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीपासूनच एखादं तरी करून ठेवा. पदवी जर्मनीत पूर्ण केली असेल तर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा निवास परवाना मिळू शकतो. त्याचा अर्ज विद्यार्थी परवाना संपायच्या आत परदेशी नागरिक कार्यालयात करायचा असतो. मोठ्या शहरांत तिथली भेटीची वेळ मिळायलाच कित्येक आठवडे जातात, तेव्हा प्रबंध सादर केलात की त्याच आठवड्यात ती मागून टाका.